ऑइल गळणारी जुनी गाडी लांबच्या प्रवासाला काढताना

"ऑइल गळतंय" एवढ्यावरून जुनी गाडी लांब न्यायची की नाही हे ठरवता येत नाही. किती गळतंय, कुठून गळतंय आणि गळून कशावर पडतंय, या तिन्हींची उत्तरं हातात हवीत. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या कव्हरच्या) कडेने वर्षानुवर्षं पाझरणारं इंजिन हजार-दोन हजार किलोमीटर बिनतक्रार पळतं. उलट, वरून कोरडंठाक दिसणारं एखादं इंजिन ऑइल फिल्टरचं रबर सरकलं की काही मिनिटांत रिकामं होतं. म्हणून पाना हातात घेण्याआधी मोजमाप करावं, आणि ते निघायच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करावं. पार्ट मिळायला वेळ लागतो, सीलंट वाळायला वेळ लागतो, आणि इंजिनाला हात लावल्यानंतर दोनशे-तीनशे किलोमीटर गाडी जवळपास चालवल्याशिवाय त्या कामावर भरवसा ठेवता येत नाही. आदल्या दिवशी उघडलेलं इंजिन घेऊन लांबच्या रस्त्याला लागणं हे माहितीतल्या गळतीपेक्षा जास्त धोक्याचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

किती जातंय ते मोजा

गाडी सपाट जागेवर उभी करा. इंजिन गरम करून बंद करा, दहा मिनिटं थांबा, म्हणजे वर चढलेलं ऑइल चेंबरमध्ये, इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, उतरतं. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची काडी, काढून पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा आणि दोन्ही बाजूंनी बघा. एका बाजूला पातळी जास्त दिसली तर कमी दाखवणारी बाजू खरी माना, कारण नळीच्या भिंतीला लागून ऑइल काडीवर चढतं. आता वरच्या खुणेपर्यंत अगदी बरोबर भरा.

मग हायवेवर ज्या वेगाने जायचं आहे त्या वेगाने दीडशे-दोनशे किलोमीटर चालवा. शहरातल्या फेऱ्यांवरून काढलेला आकडा इथे उपयोगाचा नाही. परत त्याच जागी, गाडीचं तोंड त्याच दिशेला ठेवून, तेवढाच वेळ थांबून पुन्हा बघा. खुणा असलेल्या मापातून थोडं थोडं ऑइल ओतत वरची खूण गाठा. जेवढं ओतलं तेवढं गेलं. दोनशे किलोमीटरला ८० मिली लागलं असेल तर हजाराला ४०० मिली.

डिपस्टिकच्या दोन खुणांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत साधारण १ लिटरचं असतं, छोट्या इंजिनात थोडं कमी. गाडीच्या पुस्तकात तो आकडा दिलेला असतो. तो माहीत असला की काडी बघूनच किती टाकायचं ते कळतं.

थेंबांचा हिशेब वेगळा करावा. एका मिलिलिटरमध्ये ऑइलचे साधारण २० ते ३० थेंब बसतात. रात्रभरात पुठ्ठ्यावर पाच-सात थेंब पडले तर ते पाव मिलीच्या आसपास झाले, त्याची काळजी करण्याचं कारण नाही. गरम इंजिन आयडलिंगवर असताना दर पाच सेकंदाला एक थेंब पडत असेल तर तासाला ३० मिलीच्या आसपास जातं, आठ तासांत पाव लिटर. सेकंदाला एक थेंब असेल तर तासाला दीडशे मिली, म्हणजे आठ तासांत डिपस्टिकची वरची खूण ते खालची खूण असं सगळं अंतर संपतं. चालत्या गाडीत यापेक्षा जास्तच जाईल. हायवेवर ऑइल १०० ते १२० अंशांपर्यंत तापतं, पातळ होतं, आणि इंजिन सतत वरच्या फेऱ्यांवर असल्यामुळे पिस्टनच्या बाजूने खाली येणाऱ्या वायूचा दाबही वाढलेला असतो. म्हणून उभ्या गाडीच्या थेंबांवर विसंबू नका. चालवून काढलेला आकडाच धरा, आणि प्रवासासाठी तोही दुप्पट करून घ्या.

माझा हिशेब असा. हजार किलोमीटरला पाव लिटरपर्यंत जात असेल आणि जागा निरुपद्रवी असेल तर जा. पाव ते पाऊण लिटर असेल तर सोबत पुरेसं ऑइल ठेवून, दर दोन तासांनी काडी बघायची तयारी असेल तरच. लिटरच्या पुढे गेलं तर आधी दुरुस्ती. गळणारं ऑइल एक्झॉस्टवर, ब्रेकवर किंवा टायमिंग बेल्टवर (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर चालवणाऱ्या पट्ट्यावर) पडत असेल तर मात्र प्रमाण कितीही कमी असो, दुरुस्ती केल्याशिवाय हलू नये.

पातळी घटते पण खाली डाग नाही, असं असेल तर दोन शक्यता. एक, ऑइल जळतंय. सकाळी स्टार्ट करताना किंवा उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना निळसर धूर येतो का बघा. दुसरी, इंजिनाखालच्या प्लॅस्टिकच्या किंवा पत्र्याच्या ताटात ऑइल साचतंय. ते ताट काढल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष काढू नका. आणि पातळी घटण्याऐवजी वाढत असेल तर ती आनंदाची गोष्ट नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजिनाला बसवलेल्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल चेंबरमध्ये उतरतं. काडी नाकाजवळ धरली तर पेट्रोलचा वास येतो. अशा वेळी गळणारं ऑइल आणि येणारं पेट्रोल एकमेकांना झाकतात, काडी ठीक दाखवते आणि आत बेअरिंगला पातळ, निकामी ऑइल मिळत राहतं. काडीवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट मिसळलंय, आणि तशी गाडी लांब नेण्याचा विषयच नाही. फक्त ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला थोडा पांढुरका थर असणं ही छोट्या-छोट्या फेऱ्यांमुळे साचलेली वाफ असू शकते, त्यावरून घाबरू नये.

धुतल्याशिवाय शोधू नका

ऑइल वरून खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत हवेने मागे ढकललं जातं. त्यामुळे थेंब जिथे पडतो ती जागा जवळपास कधीच गळतीची नसते. गिअरबॉक्सच्या तोंडाशी ऑइल दिसलं की क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील गेलं असं लगेच सांगितलं जातं. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पुष्कळदा प्रत्यक्षात टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा पाझरत असतो, किंवा इंजिनाच्या मागच्या बाजूला बसवलेला ऑइल प्रेशर स्विच (ऑइलचा दाब पडला की डॅशबोर्डवरचा लाल दिवा लावणारा). सर्वात वरची ओली जागा शोधायची, हाच नियम.

इंजिन पूर्ण थंड असताना डिग्रीझर किंवा रॉकेल ब्रशने लावून चिकटलेला चिखल काढा. त्याआधी अल्टरनेटर, डिस्ट्रिब्यूटर, कॉइल आणि एअर फिल्टरचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बांधा. जोराच्या पाण्याचा फवारा जुन्या इंजिनावर मारू नये, डिस्ट्रिब्यूटरमध्ये आणि वायरिंगच्या जोडांत पाणी शिरतं. रॉकेल वापरलं असेल तर सगळं पुसून, पूर्ण सुकल्यावरच गाडी स्टार्ट करा.

सुकल्यावर संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरवा, बेल्ट आणि अल्टरनेटर सोडून. इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवा. पांढऱ्या पावडरवर काळसर रेघ उमटते, ती रेघ वर जिथे सुरू होते ती जागा. एवढ्यानेही सापडलं नाही तर ऑइलमध्ये टाकायचा चमकणारा रंग मिळतो. बाटलीवरच्या प्रमाणात टाका, पन्नास-शंभर किलोमीटर चालवा आणि अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने बघा. ऑइलचा माग हिरवट-पिवळा चमकतो. खूप चिवट, एकमेकांत मिसळलेल्या गळतीसाठी याहून चांगला उपाय नाही.

बघताना हे ऑइल इंजिनचंच आहे ना, याचीही खात्री करून घ्या. गिअर ऑइल घट्ट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. पॉवर स्टिअरिंग आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल बऱ्याच गाड्यांत लालसर असतं. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, फिकट द्रव दिसला तर तो ब्रेक फ्लुइड असू शकतो, आणि मग ऑइलची चर्चा बाजूला ठेवून आधी ब्रेक बघावेत. गाडीखाली शिरताना जॅकवर विसंबू नका. दोन्ही बाजूंना स्टँड लावा, मागच्या चाकांना अडण लावा.

दाबाखालची गळती आणि बिनदाबाची गळती

हा फरक नीट समजला की कशाला घाबरायचं ते आपोआप कळतं. टॅपेट कव्हर, चेंबरचं पॅकिंग, क्रँक आणि कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) सील या ठिकाणी ऑइल उडून किंवा वाहून येतं, ऑइल पंपाचा दाब तिथे नसतो. त्यामुळे तिथली गळती हळूहळू वाढते, अचानक फुटत नाही. ऑइल फिल्टर, त्याचं हाउसिंग, ऑइल प्रेशर स्विच, ऑइल कूलरचे पाइप आणि टर्बोला जाणारी बारीक नळी यांच्यात मात्र पंपाचा पूर्ण दाब असतो, हायवेवर साधारण ३ ते ५ बार. तिथला ओलसरपणा आज नगण्य वाटला तरी उद्या धार लागू शकते. प्रवासाआधी या दुसऱ्या यादीतलं काहीही ओलं ठेवू नये. सुदैवाने यातल्या बहुतेक गोष्टी स्वस्त आणि सोप्या आहेत.

ऑइल फिल्टरपासून सुरुवात करा. नवा फिल्टर लावण्याआधी जुन्याचं रबर इंजिनाला चिकटून राहिलेलं नाही ना, हे बोट फिरवून बघा. जुन्या रबरावर नवं रबर बसलं की गाडी आधी ठीक चालते आणि वेग घेतल्यावर रबर बाहेर फेकलं जातं. ऑइल फिल्टरमुळे इंजिन रिकामं होण्याचं हे नेहमीचं कारण. नव्या रबराला ऑइल लावा, फिल्टर टेकेपर्यंत फिरवा आणि तिथून पुढे हाताने पाऊण फेरी. पान्याने आवळू नका.

ऑइल प्रेशर स्विचची वायर काढून बघा. सॉकेटमध्ये ऑइल असेल तर आतला पडदा गेलेला आहे, स्विच बदला. एका वायरचा स्विच स्वतःच्या आट्यांतून अर्थ (अर्थिंग, म्हणजे गाडीच्या धातूशी विजेची जोडणी) घेतो. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार-पाच थर गुंडाळले तर अर्थ तुटतो आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा कधीच लागत नाही, गरज असेल तेव्हाही. बसवल्यावर चावी फिरवून, इंजिन बंद असताना, दिवा लागतो का बघा. स्टार्ट झाल्यावर दोन-तीन सेकंदांत विझला पाहिजे.

ड्रेन प्लग (ऑइल काढायचा चेंबरच्या तळाचा बोल्ट) ओला असेल तर तो आणखी आवळण्याचा मोह टाळा. ॲल्युमिनिअमच्या चेंबरचे आटे असेच मरतात. तांब्याचा किंवा ॲल्युमिनिअमचा वॉशर एकदा दबला की त्याचं काम संपतं, म्हणून प्रत्येक ऑइल बदलाला नवा टाका. किती आवळायचं ते पुस्तकात असतं, बहुतेक गाड्यांत २५ ते ४० न्यूटन-मीटर.

ब्रीदर आधी, सील नंतर

नवं सील टाकून महिन्याभरात पुन्हा गळायला लागलं तर सीलला दोष देण्याआधी ब्रीदर बघावा. पिस्टन रिंगांच्या बाजूने थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या पोकळीत, येतोच. तो बाहेर जाण्यासाठी ब्रीदर पाइप आणि बऱ्याच गाड्यांत एक व्हॉल्व्ह असतो. तो काजळीने चोंदला की आत दाब साठतो आणि मिळेल त्या फटीतून ऑइल बाहेर ढकलतो. डिपस्टिक स्वतःहून वर सरकलेली दिसणं, झाकणाभोवती ऑइल, एअर फिल्टरमध्ये ऑइल ही त्याची लक्षणं.

व्हॉल्व्ह काढून हलवा, आत खडखड वाजायला हवी. आयडलिंगवर त्याच्या तोंडाला बोट लावलं तर ओढ जाणवायला हवी. पाइप काढून आतून साफ करा, जुना रबर पाइप मऊ पडून आतल्या आत चिकटत असेल तर बदला. मग ऑइलचं झाकण काढून तोंडावर पातळ कागद ठेवा. कागद किंचित आत ओढला गेला किंवा जागेवर थरथरला तर ठीक. धक्क्याधक्क्याने उडत असेल आणि ब्रीदर साफ असेल तर रिंगा झिजलेल्या आहेत. मग कुठलंही पॅकिंग बदललं तरी गळती पूर्ण थांबणार नाही, आणि खर्च करण्याआधी हे कळलेलं बरं.

व्हॉल्व्ह बदलणं हे पंधरा मिनिटांचं काम आहे आणि त्याने कित्येकदा निम्मी गळती कमी होते. तरीही ते सर्वात शेवटी केलं जातं, याचं वाईट वाटतं.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग

जुन्या गाडीत सर्वात जास्त गळणारी जागा हीच, आणि घरी करण्याजोगीही. पॅकिंग उष्णतेने कडक होतं. नखाने दाबून बघा, खड्डा पडला नाही तर ते संपलेलं आहे आणि बोल्ट आवळून काही होणार नाही. उलट पत्र्याचं कव्हर बोल्टच्या जागी आत दबतं, दोन बोल्टच्या मधला भाग उचलला जातो आणि गळती वाढते. प्लॅस्टिकचं कव्हर तडकतं.

कव्हर काढल्यावर पत्रा सपाट टेबलावर ठेवून वाकलाय का बघा. बोल्टच्या भोवती दबला असेल तर लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने सरळ करा. दोन्ही पृष्ठभाग प्लॅस्टिकच्या खरवडणीने साफ करा. ॲल्युमिनिअमच्या हेडवर लोखंडी पातं चालवलं की कायमचा ओरखडा राहतो. ऑइलचा अंशही राहू नये म्हणून शेवटी ब्रेक क्लीनरने पुसा. स्पार्क प्लगच्या विहिरींची गोल रबरं असतील तर तीही त्याच वेळी बदला. ती गेली की विहिरीत ऑइल साचतं, प्लगचं टोपण फुगतं आणि चढावर इंजिन मिस करायला लागतं.

सिलिकॉन सीलंट सगळीकडे फासू नका. रबरी पॅकिंगला ते लागत नाही. जिथे टायमिंग कव्हर आणि हेडचा जोड येतो किंवा कॅमच्या अर्धगोल जागेचे कोपरे येतात तिथे प्रत्येकी एक ठिपका, ३ मिलिमीटरच्या आसपास जाड. जास्त लावलेलं आत दाबलं जातं, सुटं होऊन चेंबरमध्ये पडतं आणि पंपाच्या जाळीत अडकतं. गळती थांबवायला गेलो आणि इंजिन उपाशी मारलं, असं होतं. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, आडवेतिडवे, दोन-तीन टप्प्यांत आवळा. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे छोट्या पान्यावर मनगटाचा जोर. सीलंट लावलं असेल तर गाडी २४ तास चालवू नका.

पुढचं सील, मागचं सील

क्रँक पुलीच्या मागचं सील गेलं की पुलीभोवती आणि समोरच्या भागावर ऑइलचा गोल पट्टा उडालेला दिसतो. यात पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे टायमिंग बेल्ट. रबरी बेल्टवर ऑइल पडत राहिलं तर रबर फुगतं, दात सुटतात, आणि कित्येक इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. बेल्टचं कव्हर उघडून आत ओलं दिसलं तर सील आणि बेल्ट दोन्ही बदला. बेल्ट पुसून पुन्हा वापरायचा नाही. सील काढल्यावर पुलीच्या दांड्यावर नख फिरवा. जुन्या सीलने खाच पाडली असेल तर नवं सील त्याच खाचेवर बसून पुन्हा गळेल. सील एक-दीड मिलिमीटर मागेपुढे बसवता येत असेल तर तसं करा, नाहीतर दांड्यावर बसणारी पातळ बाही मिळते ती चढवा. स्प्रिंगची बाजू ऑइलकडे, सीलच्या ओठाला (दांड्याला टेकणाऱ्या कडेला) ऑइल लावून. मात्र टेफ्लॉनच्या ओठाचं सील असेल तर ते कोरडंच बसवतात.

मागच्या सीलचं काम मी प्रवासाआधी करायला सांगत नाही, जोवर क्लच घसरत नाही. गिअरबॉक्स उतरवणं, शाफ्ट काढणं, क्लच जुळवणं यात नव्या चुका घुसायला भरपूर वाव आहे, आणि हजार किलोमीटरला शंभर-दोनशे मिली जाणारं मागचं सील प्रवासात अचानक सुटत नाही. क्लच तपासायचा तर वरच्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या आणि वेग तसाच राहिला तर प्लेट ऑइलने भिजलेली असू शकते, मग पर्याय नाही.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडणाऱ्या ऑइलबद्दल मात्र कुठलीही तडजोड नको. इंजिन ऑइलची वाफ साधारण २०० ते २३० अंशांच्या पुढे पेट घेण्याजोगी होते, आणि चढावर मॅनिफोल्ड त्याच्या दुप्पट तापतो. थांबल्यावर बॉनेटखालून जळका वास आणि निळसर धूर येत असेल तर ती जागा कोरडी होईपर्यंत गाडी लांब नेऊ नका.

बाटलीतले उपाय

गळती थांबवणारी औषधं कडक झालेलं रबर थोडं फुगवून मऊ करतात. म्हणून जुन्या, आकसलेल्या सीलवर त्यांचा उपयोग होऊ शकतो. फाटलेलं पॅकिंग, वाकलेला पत्रा, खाच पडलेला दांडा यावर काहीच होत नाही. परिणाम दिसायला काही शे किलोमीटर जावे लागतात, म्हणून टाकायचंच असेल तर दोन-तीन आठवडे आधी, आदल्या दिवशी नाही. जास्त किलोमीटर झालेल्या इंजिनांसाठीचं ऑइल मिळतं, त्यातही सील मऊ ठेवणारी द्रव्यं असतात. मला वेगळ्या बाटलीपेक्षा तो मार्ग सौम्य वाटतो. ऑइलमध्ये ब्रेक फ्लुइड टाकायचा जुना सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. सील फुगून शेवटी चिखल होतात आणि बेअरिंगचं वंगण बिघडतं.

घट्ट ऑइल टाकल्याने गळती थोडी मंदावते. पण पुस्तकात दिलेल्या श्रेणीच्या आतच राहा. १०डब्ल्यू-३० आणि १५डब्ल्यू-४० दोन्ही चालतात असं लिहिलं असेल तर गरम हवेत १५डब्ल्यू-४० घ्या. वर्षानुवर्षं मिनरल ऑइलवर चाललेल्या इंजिनात प्रवासाच्या तोंडावर प्रथमच सिंथेटिक भरायचा प्रयोग करू नका, तो परत आल्यावर करता येईल. ऑइल बदलायचं असेल तर निघण्याआधी दोनशे किलोमीटर तरी नव्या ऑइलवर चालवून ड्रेन प्लग आणि फिल्टर पुन्हा बघा.

बाकीची गाडी

ऑइलच्या मागे लागून इतर गोष्टी राहू नयेत. रेडिएटरचे पाइप थंड असताना दाबा, खूप मऊ किंवा ऑइलने फुगलेले बदला. इंजिन माउंटिंगची रबरंही ऑइलने खराब होतात, रिव्हर्स टाकताना मोठा धक्का बसतो का बघा. फॅन बेल्ट ऑइलने माखला असेल तर नवा टाका. कूलंटची पातळी, पंखा वेळेवर सुरू होतो का, ब्रेक पॅड, बॅटरीची टोकं, वायपर, दिवे. टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, नक्षी भरपूर असली तरी जुनाट, तडकलेला टायर हायवेवर नको. स्टेपनीत हवा.

सोबत काय ठेवावं

ऑइलचा हिशेब असा: प्रवास १२०० किलोमीटरचा आणि मोजलेला खप हजाराला ४०० मिली, म्हणजे ४८० मिली, दुप्पट धरून साधारण १ लिटर. त्यावर आणखी २ लिटर राखीव. तीन लिटर डिकीत ठेवले की रात्रीच्या वेळी भलत्या ग्रेडचं ऑइल शोधायची वेळ येत नाही. लांब नळीचं नरसाळं, फडकी, हातमोजे, टॉर्च, मोठा पुठ्ठा, एक ऑइल फिल्टर, ड्रेन प्लग वॉशरसकट, त्याला बसणारा पाना, आणि दोन रंगांचं एकत्र मळायचं इपॉक्सी. दगड लागून चेंबरला चीर गेली तर ती जागा कानसून, ऑइलचा मागमूस पुसून, इपॉक्सी घट्ट दाबून बसवतात आणि पाकिटावर लिहिलेला वेळ पूर्ण वाळू देतात. ओल्या पत्र्यावर ते धरत नाही, म्हणून आधी ऑइल त्या चिरेच्या खाली उतरवावं लागतं. पावडरचा छोटा अग्निशामक डिकीत न ठेवता सीटजवळ ठेवा. बॉनेटखाली आग लागलीच तर बॉनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळाल्यावर भडका उडतो. गाडीपासून दूर व्हा, आणि आग छोटी असेल तरच बॉनेटच्या फटीतून फवारा मारा.

रस्त्यावर

पहिल्या ५० किलोमीटरला थांबा, खाली वाकून बघा, काडी बघा. नंतर दर दोन तासांनी, सपाट जागी, पाच-दहा मिनिटं थांबून. कमी दिसलं तर एका वेळी २०० मिली टाका आणि पुन्हा मोजा. वरच्या खुणेच्या पुढे भरून ठेवणं ही सुरक्षितता नाही. क्रँक ऑइलात आपटून फेस करतो, फेसाला दाब धरत नाही, आणि गळतीही वाढते. प्रत्येक वेळची पातळी आणि किलोमीटर लिहून ठेवा. खप अचानक दुप्पट झाला तर तो कागदावर लगेच दिसतो, आठवणीत दिसत नाही.

वेग थोडा कमी ठेवला की गळतीत खरोखर फरक पडतो, कारण फेऱ्या, तापमान आणि क्रँककेसमधला दाब तिन्ही उतरतात. लांब चढावर खालच्या गिअरमध्ये इंजिन न ताणता चढवा.

लाल ऑइलचा दिवा पातळीचा नसतो, दाबाचा असतो. तो लागतो तेव्हा बेअरिंगमध्ये ऑइल जवळपास पोचतच नसतं. वळणावर किंवा जोरात ब्रेक मारताना क्षणभर लुकलुकला तर ऑइल इतकं खाली गेलंय की पंप हवा ओढतोय. दोन्ही वेळा गाडी कडेला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा, पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ असं म्हणू नका. पातळी कमी असेल तर भरा, स्टार्ट करा, दिवा विझला आणि खाली धार नसेल तर निघा. पातळी बरोबर असून दिवा लागत असेल तर इंजिन पुन्हा स्टार्ट न करता गाडी ओढून न्या.

जिथे मुक्काम असेल तिथे इंजिनाखाली पुठ्ठा सरकवा. दुसऱ्याची जमीन खराब होत नाही, आणि सकाळी थेंबांची संख्या व जागा कळते. वळणाच्या रस्त्यावर सांडलेलं ऑइल दुचाकीवाल्यांसाठी जीवघेणं असतं, म्हणून धार लागलेली गाडी "थोडंच राहिलंय" म्हणत दामटू नये. काढलेलं ऑइल डब्यात भरून गॅरेजला द्या, गटारात ओतू नका.

परत आल्यावर पहिल्या मोजणीसारखीच पुन्हा एक मोजणी करा. हजाराला लागणारा आकडा तेवढाच असेल तर मागच्या सीलचं काम क्लच बदलायची वेळ येईपर्यंत थांबू शकतं, कारण गिअरबॉक्स तेव्हा उतरणारच आहे. आकडा वाढला असेल तर पुन्हा धुवून, पावडर मारून, वरपासून खाली शोधायला घ्या.